चौथा उद्गार

उत्तम शुक्रवारच्या उपासनेत आमच्याकडे क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. बारा ते तीन, भर उन्हाची वेळ. पाळकसाहेब महिनाभर आधी नावं ठरवतात. पहिला उद्गार क्षमेचा, तो बहुधा वडीलधाऱ्यांकडे जातो. तिसऱ्यात प्रभू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो, तो महिला मंडळाचा. सातवा पाळकसाहेब स्वतः घेतात. चौथा मात्र कोणी मागून घेत नाही. यंदा तो माझ्या वाट्याला आला, आणि मी नाही म्हणू शकलो नाही.

चौथा उद्गार म्हणजे प्रश्न आहे. देवाने आपल्याला का टाकलं, असं क्रुसावरचा येशू देवालाच विचारतो. मत्तय आणि मार्क या दोघांनीच तो लिहून ठेवला आहे आणि या दोघांच्या शुभवर्तमानांत क्रुसावरून ऐकू आलेलं वाक्य हे एवढंच. ते त्यांनी नुसतं ग्रीकमध्ये सांगून भागवलं नाही. मूळ बोलीतले शब्द तसेच ठेवले आणि मग अर्थ दिला. मार्काने दिलेले शब्द अरामी आहेत, म्हणजे येशूच्या घरची, गालीलातल्या गल्लीबोळांची भाषा. आणि ते शब्द त्याचे स्वतःचेही नाहीत. ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. देव दिसेनासा झाला त्या घटकेला येशूच्या ओठांवर आली ती एक जुनी कविता, आणि तीही मायबोलीत.

ही गोष्ट मला पुस्तकांतून फार आधी कळली होती. तिचा अर्थ लागायला माय जावी लागली.

माय आजारी होती तेव्हा सगळ्या मंडळीने तिच्यासाठी उपास धरले. घराघरात प्रार्थनासभा झाल्या. आजार वाढतच गेला आणि एका पहाटे ती गेली. त्याला आता नऊ वर्षं होतील. दफनाच्या वेळी सगळे गात होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पुढे मी रविवारी देवळात जायचो, बसायचो, उठायचो, ‘उपासनासंगीत’ उघडून हातात धरायचो, पण गायचो नाही. लोकांना वाटलं, दुःख आहे, निवळेल. दुःख होतंच, पण त्याच्या तळाशी जे बसलं होतं त्याला मी शंका म्हणत होतो. देव आहे का? असला तर तो ऐकतो का? त्याला काय पडलंय? अशा प्रश्नांची माळ मी वर्षानुवर्षं ओढली. त्यांतला प्रत्येक प्रश्न ‘तो’ या सर्वनामातला होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. देवाबद्दल मी पुष्कळ बोलत होतो. देवाशी एक शब्द बोलत नव्हतो.

आमच्या घरात बाबांना ‘तुम्ही’ म्हणायची रीत होती आणि मायला ‘तू’. या भागातल्या बहुतेक घरांत तशीच असते. बाबांपुढे तक्रार करायची तर शब्द जुळवावे लागत. मायवर मात्र ओरडता यायचं, रुसता यायचं, ताटावरून उठून जाता यायचं, आणि तिच्याच पदराआड परत येता यायचं. बायबलातला देव बाप आहे, पण मराठी बायबल त्या बापाला ‘तू’ म्हणतं. प्रभूची प्रार्थना आम्ही लहानपणापासून ‘तू’मध्येच शिकलो. या फटीतून नारायण वामन टिळक आत शिरले आणि त्यांनी ख्रिस्ताला सरळ माउली करून टाकलं. वारकऱ्यांनी विठ्ठलाला आई म्हणावं आणि कडेवर घे म्हणून हट्ट धरावा, तसं. मराठी ख्रिस्ती माणसाला टिळकांनी दिलेलं सगळ्यात मोठं देणं कोणतं, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. त्यांनी आम्हाला देवाशी भांडायचा हक्क मिळवून दिला.

टिळक १८६१ साली कोकणातल्या करजगावी जन्मले. त्यांची वाट आमच्या विदर्भातूनही गेली. नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यांनी तो चिकित्सकपणे वाचायला घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचं पाऊल अडलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण संतांची वाणी त्यांनी नदीकाठी ठेवून दिली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. पूल ओलांडला म्हणून तो मोडायचा नसतो, हे त्यांना कळलं होतं. म्हणून ‘अभंगांजली’तला भक्त आळवणी करतो, तडफडतो, धीर सोडतो, पुन्हा पायाशी येतो. १९१७ साली मिशनचं काम सोडून ते संन्यस्त झाले आणि साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. तो फार फुलायच्या आतच, १९१९ साली, ते गेले. त्या माणसाला स्थिर बसताच येत नसावं. मला त्यांची ही अस्वस्थताच अधिक जवळची वाटते.

टिळकांच्या कितीतरी आधी फादर स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचलं, ते १६१६ साली छापून निघालं. त्याच्या मराठीवरच्या प्रेमाला तोड नाही. पण ओवी कथा सांगते. अभंग समोरच्याचा हात धरतो. ओवीत ‘तो’ येतो, अभंगात ‘तू’ येतो, असं ढोबळपणे म्हणता येईल. ढोबळच, कारण ज्ञानेश्वरांच्या ओवीने हा नियम केव्हाच मोडला आहे.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं काय? नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या बाईंचं घर दुभंगलं. लोकांची बोलणी, पंढरपूरचे ते दिवस, एकटेपण, हे सगळं ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी इतक्या मोकळेपणाने सांगितलं आहे की वाचताना हसूही येतं आणि घसाही दाटतो. पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांच्या मनातून जातीचा विटाळ गेला होता. धर्मशास्त्राच्या वादात हरून त्या ख्रिस्ताकडे आल्या नाहीत. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी अध्यायामागून अध्याय रचले. एका काळी ज्या नावाने संसार मोडला, त्याच नावाची कथा त्या म्हातारपणी ओव्यांत गुंफत होत्या. श्रद्धा म्हणजे काय, हे समजावून घ्यायला मला कोणाच्याही व्याख्येपेक्षा हे चित्र पुरतं.

गाणं बंद होतं त्या काळात मी संध्याकाळी सेवाग्रामला जाऊन बसायचो. तिथे बापूंनी लावलेल्या पिंपळाजवळ, उघड्यावर, सर्वधर्मप्रार्थना होते. विनोबांच्या नाममालेत येशूच्या पित्याचंही नाव येतं. ज्या नावाने माझी जीभ अडत होती ते नाव अख्रिस्ती लोक सहज घेत होते, आणि मी ऐकत होतो. १९४२च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार इथे आठवडाभर राहिला. गांधींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्याला एकच चित्र दिसलं, येशूचं. खाली इफिसकरांस पत्रातले शांतीविषयीचे शब्द होते. आश्रमाच्या भजनावलीत न्यूमन या पाद्र्याचं इंग्रजी गीतही नरसिंहराव दिवेटिया यांच्या गुजराती अवतारात आलेलं आहे. न्यूमनने ते १८३३ साली लिहिलं. सिसिलीत तापाने फणफणून उठलेला, घरच्या ओढीने व्याकुळ झालेला बत्तीस वर्षांचा पाद्री, आणि वारा पडल्याने समुद्रात थांबलेलं जहाज. त्या गीतात सगळा रस्ता उजळून मिळावा अशी मागणी नाही. मागणी आहे फक्त पुढच्या पावलापुरती, आणि तीही ‘तू’ म्हणून केलेली.

मगनवाडीतले जे. सी. कुमारप्पाही त्या दिवसांत मनात येत. तंजावरचा हा ख्रिस्ती हिशेबतपासनीस १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचा गाडा ओढायला वर्ध्यात राहिला. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या. येशूच्या शिकवणीवरचं पुस्तक त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिलं. त्यांना कामातून उत्तर मिळालं असावं. मीही काही दिवस तसं करून पाहिलं, दत्तपूरच्या कुष्ठधामात जाऊन हाताला पडेल ते केलं. कामाने मन शांत होई, पण गळा काही सुटला नाही.

उपासनेसाठी टिपणं काढायला बसलो तेव्हा २२वं स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं. ते शेवटी स्तुतीकडे वळतं. चौथ्या उद्गारावर बोलणारे बहुतेक जण तिकडे धाव घेतात. घाबरू नका, शेवट गोड आहे, येशूला तो ठाऊक होता, असं सांगून मोकळे होतात. मला ही घाई पटत नाही. येशूने शेवट उच्चारला नाही, सुरुवात उच्चारली. मग मी ८८वं स्तोत्र काढलं. त्याला गोड शेवटच नाही. काळोखात ते सुरू होतं आणि काळोखातच संपतं. संकलन करणाऱ्यांना ते वगळता आलं असतं, त्यांनी वगळलं नाही. पण त्या सगळ्या काळोखात एक शब्द ढळत नाही, ‘तू’. तू मला दूर लोटलंस, तू तोंड फिरवलंस, अशीच त्याची भाषा आहे. देव नाही असं वाटणाऱ्याने इतका वेळ कोणाशी बोलत राहावं? मी वही मिटली. नऊ वर्षांत पहिल्यांदा, अंधारात, मोठ्याने म्हणालो, “तू तिला का नेलंस?” उत्तर आलं नाही. पण मी आता कोणाबद्दल तरी बोलत नव्हतो.

शुक्रवारी देऊळ भरलं होतं. पंखे गरम हवा फिरवत होते. पहिले तीन उद्गार झाले. मी उठलो, ठरवलेलं बरंच विसरलो, आणि माय, बाबा, तुम्ही, तू एवढंच बोललो. शेवटी म्हणालो की मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही आणि मी तो विचारणं सोडणार नाही. खाली बसलो तेव्हा हात थरथरत होते. पुढचं गीत टिळकांचं होतं. दोन ओळी गायलो, तिसरीला गळा दाटला.

तीनला उपासना सुटली. बाहेर ऊन डोळ्यांत शिरत होतं. मंडळीतली एक म्हातारी, मायच्या बरोबरीची, कडुनिंबाच्या सावलीत थांबली होती. तिने माझं मनगट धरलं. पाळकसाहेबांपुढे असं बोललो म्हणून रागावेल असं वाटलं.

“तू तं तुह्या मायवानीच भांडतं रे देवासंगं,” ती म्हणाली.

मायला मी कधी भांडताना पाहिलं नव्हतं. पहाटे चुलीपाशी गुणगुणणारी, सगळं निमूट मान्य करणारी, अशीच ती मला ठाऊक होती. मी विचारलं, “कधी?”

“तुह्या आधीचं लेकरू गेलं तवा. सालभर भांडली. मंग तूच झाला.” आणि डोक्यावरचा पदर सारखा करून ती रिक्षाकडे निघाली. आधीचं लेकरू होतं, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.