सिस्टर, तुम्हाला ऑफ कधी?

कोविडच्या टाळेबंदीत, मे 2020 च्या पहिल्या आठवड्यात, कल्याण-डोंबिवली महापालिकेने एक आदेश काढला होता, आठवतो का? मुंबईत अत्यावश्यक सेवेत असणाऱ्यांनी रोजची ये-जा बंद करावी, त्यांनी तिकडेच राहावं. रुग्णालयातली माणसंही त्यात आलीच. ओरड झाली आणि आदेश गुंडाळावा लागला. कागदावरून तो गेला, जिन्यावरून गेला नाही. मोरिवली असो, अंबरनाथ असो की उल्हासनगरचे कॅम्प, कोणी न काढलेला हाच आदेश दारोदार पाळला जात होता. सिस्टर, लिफ्ट नका वापरू. मुलाला खाली खेळायला पाठवू नका. भाड्याचं राहू द्या, पण खोली तेवढी रिकामी करा. 22 मार्चच्या संध्याकाळी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी थाळ्या वाजवणारेही यांत होते. भीती खरी होती, घरोघरी म्हातारी माणसं होती, हे मान्यच. पण ज्यांच्या भरवशावर आपण ती भीती निभावली, त्यांनाही भीती वाटत असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

23 मार्चपासून लोकल बंद झाल्या, त्या अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या 15 जूनला. तोवर बदलापूर-अंबरनाथची माणसं एसटीने धक्के खात मुंबईच्या रुग्णालयांत पोचत होती. पीपीई किट चढवलं की तासन्‌तास पाणी नाही, बाथरूमला जाणं नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, ते पुरुष वाचकांनी घरात विचारून घ्यावं.

हे शरीराचे हाल, ते निदान सांगता तरी येतात. ओळखीतली एक सिस्टर आहे. तिच्या वॉर्डात रुग्ण दगावला की नातेवाइकांना आत येता येत नसे, तेव्हा अंगावरच्या वस्तूंची यादी तिलाच करावी लागे. मंगळसूत्र, पिवळ्या धातूचे, एक. चष्मा, एक. मोबाइल, चालू स्थितीत. सोनं असलं तरी ‘पिवळा धातू’च लिहायचं, उद्या भांडण नको. खाली दोन सह्या, पिशवीला गाठ, की पुढचा बेड. आज तिला त्या माणसांचे चेहरे आठवत नाहीत, याद्या आठवतात. झोप लागता लागता एखादी वस्तू लिहायची राहिली असं वाटतं आणि ती उठून बसते. घरात याबद्दल ती बोलत नाही. भिंतीवर सन्मानपत्र लावलेलं आहे. त्याच्याखाली बसून ‘मला झेपलं नाही’ हे कसं म्हणायचं?

मला आपलं कौतुक इथे खटकतं. आपण या माणसांना इतकं उंच नेऊन बसवलं की खाली उतरून रडायची सोय ठेवली नाही. सरकारनेही कोविड ड्युटीत मृत्यू आला तर 50 लाखांचा विमा दिला. गरजेचाच होता तो. पण जो जिवंत राहिला आणि आतून मोडला, त्याच्यासाठी काय? ताप आला तर रजा मागता येते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, हे रजेचं कारण म्हणून वॉर्डात सांगायला धीर लागतो. ठेकेदाराकडून आलेल्या वॉर्डबॉय-आयांना, म्हणजे आपल्या मामा-मावशींना, तर रजेचा प्रश्नच पडला नाही. लाट ओसरली आणि कित्येकांचं कामच गेलं. मृतदेह बांधायला हेच हात पुढे होते.

डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल 2020 मध्ये आयुष्य संपवलं. मानसिक उपचार घेतल्याचं कळलं तर आपला परवाना जाईल, ही धास्ती त्यांना होती, असं घरच्यांनी सांगितलं. घरच्यांनी तो प्रश्न लावून धरला आणि मार्च 2022 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी त्यांच्या नावाने अमेरिकेत कायदा झाला.

आपल्याकडे ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. कोणाला गरज असेल तर हा क्रमांक जरूर द्यावा. मात्र रात्रपाळीत एका सिस्टरच्या वाट्याला किती रुग्ण, हा प्रश्न फोनवर सुटणारा नाही. मे 2022 च्या अखेरीस राज्यातल्या सरकारी परिचारिका ठेकेदारामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा आपण काय विचारलं? रुग्णांचं काय होणार, एवढंच. मन थकण्यामागे पाळ्यांचा हिशेब असतो, रिकाम्या जागा असतात, पुढच्या महिन्यात नोकरी आहे की नाही ही टांगती तलवार असते. समुपदेशक नेमून हे सगळं तसंच ठेवणं म्हणजे दोष सिस्टरच्या मनावर ढकलून मोकळं होणं आहे.

2024 मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. किती खाटा मिळणार याची चर्चा गावात रंगते, आणि ती व्हायलाच हवी. त्याच चर्चेत आणखी दोन गोष्टी नेत्यांना विचाराव्यात: परिचारिकांची आणि वॉर्डातल्या मामा-मावशींची पदं कायम भरणार की ठेक्यावर, आणि त्यांचा आठवड्याचा ऑफ नुसता ड्युटीच्या तक्त्यावर असणार की खरोखर मिळणार.