रुळलेली जोडी, जुळवलेली जोडी

इंग्रजीचा विषय निघाला की हल्ली हमखास ऐकू येतं : अर्थ पोचला ना, मग झालं. अलीकडे या म्हणण्याला वैचारिक प्रतिष्ठाही मिळाली आहे. इंग्रजी आता आपलीच आहे, तेव्हा कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो हे लंडनला विचारत बसणं म्हणजे गुलामी, असा त्याचा भारदस्त अवतार. व्याख्यानांत त्याला टाळ्या पडतात. मला तो उथळ वाटतो, आणि इंग्रजी कष्टाने शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने घातकही.

व्याकरण शिकवता येतं, शब्दार्थ कोशात सापडतो. अडतं तिसरीकडेच. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, चहा 'स्ट्राँग', दुष्काळ 'सिव्हिअर'. या विशेषणांची अदलाबदल केली तर व्याकरणाचा एकही नियम मोडत नाही, तरी वाक्य बिघडतं. मराठीत हे कुणी शिकवावं लागत नाही. पाऊस जोर धरतो. त्याने ताकद पकडली असं कुणी लिहिलं तर शाळकरी पोरही थबकेल.

या जोड्या शोभेच्या आहेत असं मानलं की 'अर्थ पोचला'वाल्यांचं सगळं म्हणणं खरं वाटू लागतं. पण त्या अर्थातच भाग घेतात. आपलं हवामान खातं 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला 'हेवी' म्हणतं. तिथे 'स्ट्राँग' लिहिणारा बातमीदार नुसता कानाला खटकत नाही, तो माहितीच पुसून टाकतो. किंवा 'कॉझ' हे क्रियापद घ्या. कोशात त्याचा अर्थ 'घडवून आणणे', निरुपद्रवी. प्रत्यक्ष वापरात मात्र त्याच्यामागून बहुतेक वेळा नुकसान, त्रास, चिंता, अपघात असंच काही येतं. आता एखाद्या संस्थेने अनुदानाच्या अर्जात लिहिलं, 'द स्कीम कॉझ्ड प्रॉस्पेरिटी इन द व्हिलेज'. अर्थ पोचला, हे मान्य. पण वाचणाऱ्याच्या मनात बारीकशी शंकाही पोचली, आणि ती लिहिणाऱ्याला पाठवायची नव्हती. त्याच्या हातून जे निसटलं त्याला स्वातंत्र्य म्हणणं मला पटत नाही.

गुलामीच्या आरोपाचंही तसंच. या जोड्यांचा कसून अभ्यास सुरू झाला तो परभाषकांना शिकवताना. हॅरल्ड पामर यांनी अशा जोड्यांवरचा अहवाल 1933 साली काढला तो टोकियोत, जपानी विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून. हॉर्नबी यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोशही 1942 साली तिथेच छापला गेला. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते हा विचार भाषाशास्त्रात रुजवणारे फर्थ उमेदीच्या काळात लाहोरला इंग्रजी शिकवत होते. गरज शिकणाऱ्याची होती, साहेबाची नव्हे.

भरपूर वाचा म्हणजे आपोआप येईल असं सांगणाऱ्यांनी वाचायला वेळ नसलेल्या मुलाचा विचार केलेला नसतो. यंत्र दुरुस्त करून देईल म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं, की दुरुस्ती योग्य झाली हे ठरवणार कोण.

पण भारतीय इंग्रजीच्या कैवाऱ्यांना सोडून चालणार नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात खरा अंश आहे आणि त्याच्याच आडून बाकीचं खपवलं जातं. ते भाषाशास्त्रज्ञ ब्रज काच्रू यांचा हवाला देतात. काच्रूंनी भारतीय इंग्रजीला मान मिळवून दिला हे खरंच. पण चूक वेगळी आणि इथल्या जीवनातून आलेलं वेगळेपण वेगळं, असा भेदही त्यांनीच केला होता. तो नेमका गाळला जातो.

माझ्या मते सगळा प्रश्न या भेदावर येऊन ठेपतो. मी त्याला रुळलेली जोडी आणि जुळवलेली जोडी म्हणतो. बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांनी दाखवलं होतं की इंग्रजीत 'सेट इन' होतात त्या बहुधा अप्रिय गोष्टी : कुजणं, ऱ्हास, निराशा. आपल्याकडे दर जूनच्या सुमारास बातमी येते की मान्सून केरळात 'सेट इन' झाला, आणि ती वाचून देश सुखावतो. इथे अनेक पिढ्यांच्या लिहिण्या-बोलण्याने त्या शब्दांची छाया बदलली. ही रुळलेली जोडी; तिला हात लावायचं कारण नाही. 'कॉझ्ड प्रॉस्पेरिटी' मात्र एकट्याने, कोश उघडून, त्या क्षणी जुळवलेली. तिच्यामागे कुठलाही समाज उभा नाही.

रुळलेल्या जोडीलाही हद्द असते. 'आय गेव्ह द एक्झाम' पुण्यात सहज कळतं. इंग्लंडमधल्या प्राध्यापकाला वाटेल, परीक्षा याने घेतली. पत्र कुठे जाणार यावर ती ठेवायची की बदलायची हे ठरेल. पण ठरवणाऱ्याला इथली आणि तिथली अशा दोन्ही जोड्या ठाऊक हव्यात, आणि आपले कैवारी विद्यार्थ्याला नेमकी दुसरी कळूच देत नाहीत.

कोणती जोडी रुळली आणि कोणती नाही, हे टाळ्यांनी ठरत नाही, मोजून ठरतं. ते मोजायचं काम महाराष्ट्रात सुरूही झालं होतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी 1978 सालच्या छापील भारतीय इंग्रजीतून सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह उभा केला. जगभरचे अभ्यासक त्याला कोल्हापूरच्याच नावाने ओळखतात. सुटे शब्द मोजायला दहा लाख बरे आहेत, जोड्या तपासायला फारच थोडे. भारतीय इंग्रजीचा अभिमान खरा असेल तर आपल्या विद्यापीठांनी आजच्या अर्जांचा, निकालपत्रांचा, वृत्तपत्रांचा त्याहून कितीतरी मोठा संग्रह करायला घ्यावा.