फोटोचं तोंड कुणाकडे?

शुक्रवारी संध्याकाळी एचआरचा मेल आला. सोमवारपासून कुणाचंही ठरलेलं डेस्क नसेल; जो येईल तो रिकामी जागा बघून बसेल. त्यामुळे डेस्कवरचे फोटो, मूर्ती, स्टिकर्स, कुंड्या, सगळं वैयक्तिक सामान घरी न्यावं. यापुढे ऑफिसात वैयक्तिक सजावट चालणार नाही. प्रत्येक मजल्यावर एकाला यादी देऊन डेस्क रिकामे झाले का ते बघायचं काम दिलं होतं. आमच्या मजल्यावर ते माझ्याकडे आलं.

खरं सांगायचं तर मला नियम पटला होता. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे. ज्या नियमात अपवाद नाहीत तो मला स्वच्छ वाटतो. एकाला गणपती ठेवू दिला की दुसऱ्याला क्रॉस, तिसऱ्याला आवडत्या नेत्याचा फोटो; मग कोणता चालेल नि कोणता नाही हे कोण ठरवणार? त्यापेक्षा सगळेच काढा. मी स्वतःपासून सुरुवात केली. खळ्यावर धानाच्या राशीजवळ उभ्या असलेल्या माझ्या आजीचा फोटो बॅगेत टाकला आणि यादी घेऊन निघालो.

माझ्या टीममधल्या एका मुलीच्या मॉनिटरखाली बाबासाहेबांचा छोटा फोटो होता, पासपोर्ट साईजपेक्षा थोडा मोठा. मी काही बोलायच्या आधीच तिनं तो काढला आणि पाकिटात ठेवला. “कधीतरी काढावा लागणार, हे माहीतच होतं,” एवढंच म्हणाली. मी यादीवर टिक केली.

तीन आठवड्यांनी दिवाळी आली. रिसेप्शनला लक्ष्मीची मोठी तसबीर, झेंडूच्या माळा, समया, रांगोळी. सगळ्यांनी कुर्ते-साड्या घालून फोटो काढले. मीही हात जोडले, पेढा खाल्ला. परत जागेवर येताना ती मुलगी सहज विचारावं तसं म्हणाली, “ते कुणा एकाचं नाही, म्हणून चालतं का?”

मला उत्तर देता आलं नाही. माझा अपवाद नसलेला नियम तिथेच फुटला होता. आम्ही जे काढलं होतं त्याला ‘वैयक्तिक’ म्हणत होतो आणि जे लावलं होतं त्याला ‘आपलं कल्चर’. जास्त लोकांचं वैयक्तिक एकत्र आलं की ते वैयक्तिक दिसेनासं होतं. ज्याचं थोड्यांचं आहे, तेवढंच डोळ्यांवर येतं.

महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदियाला घरी आलो तेव्हा हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात क्लार्क होते, आता निवृत्त आहेत. लहानपणी शाळा सुटल्यावर मी कितीतरी वेळा त्यांच्या ऑफिसातल्या बाकावर बसून गृहपाठ केला आहे. बाजूला सातबाऱ्यासाठी, जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली माणसं बसलेली असायची. समोर बाबांची खुर्ची आणि खुर्चीच्या मागे भिंतीवर देवाची हार घातलेली तसबीर. खाली उदबत्तीचं घर. ती तसबीर मला अजून जशीच्या तशी आठवते.

“मले तं तो फोटो दिसतच नव्हता,” बाबा म्हणाले. “माझी पाठ होती ना त्याच्याकडे.”

बाबांना दिसायचा तो वेगळाच फोटो. टेबलाच्या काचेखाली आम्हा भावंडांचा, शेजारी एसटीचं वेळापत्रक. तो बाकावरून दिसत नसे. तो त्यांच्याकडे तोंड करून होता.

मग त्यांनी एक जुना प्रसंग सांगितला. सालेकसाकडचा एक म्हातारा गोंड शेतकरी दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आला होता. त्यानं तसबिरीकडे बघून विचारलं, “साहेब, आधी याच्या पाया पडू का तुमच्या?” सगळे हसले. तोही हसला. “पण कागद हातात पडेपर्यंत हात जोडूनच उभा होता,” बाबा म्हणाले. “कोणाले जोडले होते, काय मालूम.”

त्या रात्री मला वाटलं, आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो. फोटो कुणाचा, देवाचा की नेत्याचा की आईचा, हा नंतरचा प्रश्न. आधी बघायचं ते दोनच गोष्टी. त्याचं तोंड कुणाकडे आहे? आणि ज्याच्याकडे आहे, त्याला तिथून उठून जाता येतं का?

काचेखालचा फोटो बाबांशी बोलत होता. भिंतीवरचा फोटो बाकावरच्या माणसाशी बोलत होता, आणि त्या माणसाला दाखला मिळाल्याशिवाय जाता येत नव्हतं. त्याचे देव कदाचित कचारगडला होते, जिथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. त्यांना त्या भिंतीवर जागा नव्हती. बाबांनी कुणावर काही लादलं नव्हतं. ती तसबीर त्यांच्या आधीपासूनच होती. पण खुर्ची त्यांची होती, आणि खुर्चीमागची भिंत खुर्चीच्याच आवाजात बोलते.

२०१७ च्या जानेवारीत सरकारी कार्यालयं आणि शाळांमधून देवदेवतांच्या तसबिरी काढाव्यात अशा आशयाचं परिपत्रक महाराष्ट्रात निघालं होतं. गदारोळ झाला, सत्तेतल्या मित्रपक्षानंही विरोध केला आणि सरकारनं पाऊल मागे घेतलं. तेव्हाची चर्चा होती श्रद्धा विरुद्ध धर्मनिरपेक्षता अशी. बाकावरच्या माणसाला काय दिसतं, हे त्यात मला फारसं ऐकू आलं नाही.

हा प्रश्न फक्त देवांचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शिपयार्डमध्ये लोइस रॉबिन्सन ही वेल्डर होती, मोजक्या बायकांपैकी एक. तिथल्या भिंतींवर नग्न बायकांची चित्रं आणि कॅलेंडरं लावलेली असत. गंमत म्हणजे त्याच कंपनीत कामावर वर्तमानपत्र आणायला मनाई होती आणि भिंतीवर काही लावायला परवानगी लागायची. म्हणजे नियम होताच. फक्त बहुतेकांना जे नेहमीचं वाटत होतं ते नियमाला दिसत नव्हतं. १९९१ मध्ये कोर्टानं निकाल दिला की अशा भिंतींमध्ये काम करायला लावणं हाच लैंगिक छळ आहे. ‘तिनं बघू नये’ हे उत्तर चाललं नाही. पोट भरायला जिथे रोज जावं लागतं, तिथे न बघायचा पर्याय नसतो.

आता उलट टोक. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण खात्यात माँटी टकर नावाचा कॉम्प्युटर अ‍ॅनालिस्ट होता. ज्या प्रोग्रॅमवर काम करायचा, त्याच्या लेबलवर तो नावापुढे ‘येशूचा सेवक’ अशा अर्थाची आद्याक्षरं लिहायचा. त्याला आवरताना खात्यानं सगळ्यांवरच इतकी व्यापक बंदी घातली की १९९६ मध्ये कोर्टानं ती रद्द केली. त्या खात्याच्या जागी मला मी दिसतो, हातात यादी घेऊन. निवडायची जबाबदारी नको, म्हणून सगळंच काढा.

पण सगळं काढण्याचीही किंमत असते. एक्सेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना ओकीबोकी खोली दिली, काहींना दुसऱ्यांनी झाडं-चित्रं लावून सजवलेली. काहींना तेच सामान देऊन हवं तसं मांडू दिलं. आणि काहींना मांडू दिलं, पण नंतर येऊन सगळं बदलून टाकलं. स्वतः मांडलेल्यांचं काम सगळ्यांत चांगलं झालं. ज्यांची मांडणी मोडली, त्यांचा तो फायदा पुसला गेला. चित्रं तीच, झाडं तीच. गेला तो ‘ही जागा माझी आहे’ हा भाव.

तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांचा फोटोही कुणाला तरी दिसतच होता. बरोबर. पण तो एका ज्युनिअर मुलीच्या मॉनिटरखाली, तिच्याकडे तोंड करून होता. तो बघून कुणाचं अप्रेझल अडणार नव्हतं. उद्या ती मॅनेजर झाली आणि तिनं तोच फोटो मोठा करून खुर्चीमागे लावला, तर हाच प्रश्न तिलाही विचारावा लागेल. जितकी खुर्ची मोठी, तितकी तिच्यामागची भिंत कमी आपली.

मग सरकारी भिंतीवर काहीच नको का? हवं की. बाकावरच्या माणसाच्या उपयोगाचं हवं. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, फी किती, हे कार्यालयात फलकावर लावावंच लागतं. त्या म्हाताऱ्याला खुर्चीमागे हे दिसलं असतं तर तो हात जोडण्याऐवजी बोट दाखवू शकला असता.

सुट्टीवरून आल्यावर मी एचआरला मेल लिहिला. काम करणाऱ्याकडे तोंड करून असलेली एक छोटी फ्रेम चालू द्या, जाताना ती लॉकरमध्ये जाईल. आणि सगळ्यांच्या भिंतीवर काही लावताना, नको म्हणण्याची हिंमत कुणाला होणार नाही, हे आधी विचारा. पहिली गोष्ट त्यांनी मान्य केली. दुसरीवर ‘नोटेड’ असं उत्तर आलं.

आजीचा फोटो मी रोज सकाळी लॉकरमधून काढतो आणि माझ्याकडे तोंड करून ठेवतो. त्या मुलीनं मात्र तिचा फोटो परत लावलेला नाही. यादी घेऊन उभा राहिलो, याबद्दल मी तिची माफी मागितली. ती “ठीक आहे” म्हणाली. फोटो का लावत नाहीस, हे मी विचारलेलं नाही. आता मी तिचा लीड आहे, आणि माझ्या प्रश्नासमोरून तिला उठून जाता येणार नाही.