राजाचा वाढदिवस आणि राजाची शपथ



आमच्या परिचयाच्या एका उपदेशकाचा मुलगा नोकरीनिमित्त हॉलंड देशांत राहतो. तेथें दर वर्षीं २७ एप्रिल रोजीं राजा विलेम-अलेक्झांडर ह्याचा वाढदिवस सार्वजनिक सण म्हणून पाळतात. लोक नारिंगी कपडे घालतात, घरोघर निशाणें लागतात, आणि मुलें रस्त्याच्या कडेला सतरंजी पसरून आपलीं जुनीं खेळणीं विकतात. सोबत्यांनीं त्या मुलास सणास बोलाविलें. त्यानें बापास लिहिलें, "आपल्या देशास १९५० पासून राजा नाहीं. मग परक्या राजाचा वाढदिवस मीं साजरा करावा काय? आणि जो राजा स्वतः राज्य चालवीत नाहीं, त्याच्याशीं निष्ठा ती कसली?" बापानें तें पत्र आम्हांस दाखविलें. प्रश्न एका मुलाचा असला तरी तो विचार करण्यासारखा आहे.

पवित्र शास्त्रांत राजांच्या वाढदिवसाच्या दोन मेजवान्या प्रसिद्ध आहेत. उत्पत्तीच्या ४० व्या अध्यायांत फारोची, आणि मत्तयाच्या १४ व्या अध्यायांत हेरोदाची. पहिल्या दिवशीं आचाऱ्यांचा नायक टांगला गेला. दुसऱ्या दिवशीं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें शिर तबकांत आलें. ह्यावरून कित्येक बंधु म्हणतात कीं वाढदिवस पाळणें हेंच पाप होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. दोष दिवसाचा नव्हे, राजाच्या सत्तेचा होता. हेरोदानें भरल्या पंक्तींत उतावळेपणें शपथ वाहिली, आणि पाहुण्यांपुढें आपला शब्द खालीं पडूं नये म्हणून एका नीतिमान मनुष्याचा जीव घेतला. त्याला अडविणारा कायदा त्या वाड्यांत कोणाच्याच हातीं नव्हता. अशा राजापुढें प्रजेनें भ्यावें किंवा खुशामत करावी; निष्ठेला तेथें जागा नाहीं.

आतां हॉलंडच्या राजाची शपथ पाहा. १८४८ सालच्या राज्यघटनेपासून त्या देशांत कारभाराची जबाबदारी मंत्र्यांवर आहे. राजा सही करतो, पण मंत्र्याची सही जोडीला लागते, आणि जाब विचारला जातो तो मंत्र्यास. ३० एप्रिल २०१३ रोजीं ॲम्स्टरडॅम शहराच्या नीवे केर्क नांवाच्या मंदिरांत नव्या राजाचा अधिकारग्रहण-विधि झाला. तेव्हां मुकुट मेजावर ठेविला होता. तो राजाच्या मस्तकीं कोणी घातला नाहीं, कारण तशी तेथें चालच नाहीं. प्रथम राजानें राज्यघटना पाळण्याची शपथ घेतली. त्यानंतर लोकांच्या प्रतिनिधींनीं आपली शपथ किंवा वचन दिलें. हा क्रम लक्षांत ठेवावा. आधीं राजा कायद्यास बांधला जातो, मग प्रजा राजास बांधली जाते. कांहीं थोड्या प्रतिनिधींनीं तें वचन देण्याचें नाकारलें, तरी त्यांच्यापैकीं कोणाचें पद गेलें नाहीं. हेरोदाच्या मेजवानीशीं ह्याची तुलना करून पाहा.

तर मग अशा राजाशीं निष्ठा म्हणजे ज्या कायद्याला तो स्वतः वांकतो, त्या कायद्याशीं निष्ठा. कोणी म्हणेल, "मग कायद्यालाच मान द्यावा, मनुष्य कशाला?" ह्यास उत्तर आपल्या घरांतच आहे. एकत्र कुटुंबांत म्हातारा बाप असतो. तिजोरीची किल्ली मुलांकडे, शेताचा व्यवहारही त्यांच्याकडे. तरी तो ओसरीवर येऊन बसला कीं भांडणारे भाऊ आवाज खालीं आणतात. मंत्री एका पक्षाचा असतो, आज येतो व उद्यां जातो. जो कोणत्याच पक्षाचा नाहीं असा एक मनुष्य मध्यें असला, तर सर्वांस आपण एका घरचे आहों ह्याची आठवण राहते. घर चालविण्याचा हा एकच मार्ग आहे असें आम्ही म्हणत नाहीं; पण त्यांत अर्थ आहे.

त्या निष्ठेची कसोटी १९४० सालीं लागली. मे महिन्यांत जर्मन सैन्यानें हॉलंड व्यापलें, आणि राणी विल्हेल्मिना लंडनला गेली. २९ जून हा तिचा जांवई राजपुत्र बेर्नहार्ड ह्याचा वाढदिवस. तो आपल्या कोटास कार्नेशनचें फूल लावीत असे. त्या दिवशीं हेग शहरांत व इतरत्र लोकांनीं तींच फुलें अंगावर लाविलीं आणि राजवाड्यापाशीं फुलांच्या राशी ठेविल्या. हुकूम कोणाचा नव्हता, बक्षिसाची आशा नव्हती. जर्मनांस तें सहन झालें नाहीं. त्यांनीं हेगच्या नगराध्यक्षास पदावरून काढलें. आमचा कायदा अजून जिवंत आहे, एवढेंच त्या फुलांनीं सांगितलें होतें.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हॉलंडच्या राणीचा वाढदिवस तिच्या पूर्वेकडील वसाहतींतही, म्हणजे आजच्या इंडोनेशियांत, साजरा होत असे. आणि तेथील लोकांस कायदा करण्यांत खरा वांटा नव्हता. १९१३ सालीं फ्रेंचांच्या जोखडांतून हॉलंड सुटल्यास शंभर वर्षें झालीं, म्हणून त्या वसाहतींतही उत्सव ठरला. तेव्हां सुवर्दी सुर्यानिंग्रत ह्या जावा बेटांतील तरुणानें एक लेख लिहिला. मी डच असतों, तर ज्यांचें स्वातंत्र्य आपण घेतलें त्यांनाच आपल्या स्वातंत्र्याच्या उत्सवास बोलावून वर्गणी मागण्याची मला लाज वाटली असती, असा त्याचा आशय होता. त्यास हद्दपारीची शिक्षा झाली. आपल्या देशांतही बादशहाच्या नांवें शाळांतून मिठाई वांटली जात असे, आणि मंडळ्यांतून त्याच्यासाठीं प्रार्थना होत असे. प्रार्थना योग्यच होती, कारण सर्व राजांसाठीं ती करावी असें पौल तीमथ्यास लिहितो. पण कायदा करण्यांत ज्याला तोंड नाहीं, त्याच्याकडून मागितलेल्या आनंदास राजनिष्ठा म्हणणें बरोबर नव्हतें. तो मुजरा होता. हें आपल्या वडीलधाऱ्यांपैकीं पुष्कळांस उशिरां उमगलें, हें आपण नम्रपणें कबूल करावें.

आतां त्या मुलास काय सांगावें? बाबेलांत नेलेल्या लोकांस यिर्मयानें लिहिलें कीं ज्या नगरांत राहतां त्याचें कल्याण इच्छा व त्यासाठीं प्रार्थना करा. हा मुलगा तर पकडून नेलेला नाहीं, स्वखुशीनें गेलेला पाहुणा आहे. त्या कायद्याच्या छायेखालीं त्याला मजुरी मिळते आणि न्यायही मिळतो. तर त्यानें खुशाल सणास जावें, पण मद्याच्या पंक्तीपासून दूर राहावें. पाहुण्याकडे आदर मागितला जातो, शपथ नव्हे. पुढें तेथील नागरिक होण्याची वेळ आलीच, तर जें वचन द्यावें लागतें तें तेथील घटनात्मक व्यवस्थेचा आदर करण्याचें व नागरिकाचीं कर्तव्यें पाळण्याचें आहे. तें विचार करून द्यावें आणि मग पाळावें. पेत्रानें राजासाठीं मान सांगितला, पण भय देवासाठींच राखून ठेविलें, हें त्यानें विसरूं नये. त्याला आणखी एक गोष्ट आवडेल. २७ एप्रिल रविवारीं आला, तर तो सण आदल्या दिवशीं पाळतात. २०१४ सालीं, ह्या राजाच्या पहिल्याच खेपेस, तसें झालें. राजाचा दिवस प्रभूच्या दिवसासाठीं बाजूस सरतो.

आणि आपण जे गांवींच आहों, त्यांनीं काय करावें? आपल्याकडे राजा नाहीं, पण वाढदिवस पुष्कळ आहेत. चावडीपासून एस. टी. च्या थांब्यापर्यंत पुढाऱ्यांचे फलक लागतात, आणि त्यांवर आपल्याही लोकांचीं नांवें शुभेच्छुक म्हणून झळकतात. शुभेच्छा देण्यास हरकत नाहीं. परंतु फलकावर नांव घालण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस विचारावें: ह्या मनुष्यानें पद घेतांना जी शपथ वाहिली, ती त्यानें पाळली आहे काय? आणि पाळली नसेल, तर तें त्याला समोर सांगण्याचें धैर्य आपल्यापाशीं आहे काय? योहानापाशीं तें होतें.