दीर्घ आजार आणि मनाचा कौल

पूर्ण बरे न होणाऱ्या दुखण्यासाठी आयुर्वेदाने फार पूर्वीच वेगळा वर्ग केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांची साध्य आणि असाध्य अशी विभागणी येते. असाध्यांत दोन पोटवर्ग आहेत: वैद्याने हात टेकावेत असे रोग, आणि ‘याप्य’ रोग. याप्य रोगात औषध-पथ्य चालू असेतोवर माणूस उभा असतो, ते सुटले की आडवा होतो. मधुमेह, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे जुने विकार हे आजच्या भाषेत याच खान्यात बसतात. याप्य रोग्याला ‘बरे झाल्यावर पाहू’ असे म्हणण्याची सोय नसते. जगायचे कशासाठी हा प्रश्न त्याला आजारपणातच सोडवावा लागतो.

या प्रश्नावर जुने ग्रंथ एका सुरात बोलत नाहीत. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत आणि त्यांत पहिले नाव व्याधीचे आहे. संशय आणि आळसही तिच्यानंतर येतात. उलट बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात रोगाने होणारा ताप हेच परम तप म्हटले आहे. दोन्ही वचने शेजारी ठेवली तर विरोध दिसतो, पण उपनिषदाने एक अट घातली आहे: हे फळ ‘जो असे जाणतो’ त्याला. दुखणे आपोआप तप होत नाही, ते जाणतेपणी सोसले तरच होते. या अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच आजाऱ्याला भेटायला येणारी मंडळी ‘देवाने परीक्षा घेतली’, ‘हेही एक वरदानच’ अशी वाक्ये बिनदिक्कत ऐकवून जातात. आजार वरदान नसतो. त्यात काय ऐकू येते आणि त्याचे पुढे काय होते, एवढाच तत्त्वज्ञानाचा विषय आहे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथे माणसाची ओळखच कामावरून ठरते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले, पुढे चाकणची औद्योगिक वसाहत वाढली. ‘कुठे असता?’ या प्रश्नाचे उत्तर इथे कंपनीच्या नावाने दिले जाते, आणि परमनंट की कंत्राटी हे विचारल्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही. घराचे कर्ज आणि मुलामुलींची लग्ने या उत्तरावर अवलंबून असतात. अशा माणसाची पाळी आठवड्या-आठवड्याला फिरत असेल आणि त्याला इन्सुलिन लागत असेल, तर जेवण, झोप आणि सुई यांचा मेळ दर आठवड्याला नव्याने बसवावा लागतो. डॉक्टर चिठ्ठीवर ‘हलके काम द्यावे’ असे लिहून देतात, पण लाइनवर हलके काम फारसे नसते. मग ओव्हरटाइम जातो, नंतर रात्रपाळी जाते, आणि शेवटी ‘कुठे असता?’ या प्रश्नाचे उत्तरच जाते.

पैशाची बाजू कायद्याने काही प्रमाणात सांभाळली आहे. कामगार राज्य विमा योजना मुळात १९४८ च्या कायद्याने आली. या योजनेत आजारपणासाठी वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग अशा ठरावीक ३४ दीर्घ रोगांसाठी अटी पूर्ण झाल्यास ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ वाढवता येतो. ही मदत मोठी आहे आणि ती मागण्यात कमीपणा नाही. पण बुडालेली ओळख भरून देणे कोणत्याही विमा योजनेच्या आवाक्यात नसते.

इथे अंतःश्रवणाचा, म्हणजे मनाचा कौल ऐकण्याचा, विचार येतो. बृहदारण्यक उपनिषदातच मैत्रेयीला उपदेश करताना याज्ञवल्क्य ऋषींनी श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम सांगितला. ऐकलेले विचाराने चाळायचे आणि चाळून उरलेले मुरवायचे, असा त्याचा अर्थ. मनात आलेली प्रत्येक गोष्ट आदेश मानावी असे त्यात नाही. धर्मशास्त्रानेही मनाच्या कौलाला जागा दिली, पण शेवटची. मनुस्मृतीत धर्माची मुळे सांगताना श्रुती, स्मृती आणि सदाचार यांच्यानंतर ‘आत्मनस्तुष्टी’, म्हणजे स्वतःच्या अंतःकरणाचे समाधान, येते. तुकारामांनी हा क्रम उलटवला. खऱ्याखोट्याचा निवाडा त्यांनी लोकमतावर न सोडता स्वतःच्या मनावर सोपवला, असे त्यांच्याच अभंगातून दिसते. दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बसला, गावात पत गेली, आणि मग हा माणूस डोंगरांवर एकांतात जाऊन बसू लागला. त्यांपैकी भामचंद्राचा डोंगर चाकणजवळ आहे, आणि आज त्याच्या आसपास कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. तुकारामांचे संकट आजाराचे नव्हते. तरी ओळखीचे सगळे आधार सुटलेल्या माणसाने मन हाच साक्षीदार कसा केला, हे या परिसरात त्यांच्याइतके स्पष्ट कोणी दाखवलेले नाही.

आजार, आतला आवाज आणि प्रयोजन या तिन्हींची गाठ पडलेली कथा मात्र आळंदीची आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये इथे समाधी घेतली. त्यानंतर सुमारे तीन शतकांनी पैठणला एकनाथांचा घसा दुखू लागला. एकनाथांच्या नावावर असलेल्या अभंगानुसार ज्ञानेश्वर त्यांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले की, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. एकनाथ आळंदीला आले, समाधीचे स्थान शोधले आणि मुळी दूर केली. पुढे त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी त्यात स्वतःच्या ओव्या घुसडू नयेत, असा इशाराही अखेरीस देऊन ठेवला. अजानवृक्ष आळंदीच्या मंदिरात आजही दाखवतात.

या कथेकडे चमत्कार म्हणून पाहिले की तिचे मर्म निसटते. दुखणारा घसा एकनाथांचा आहे आणि मुळीचा विळखा दुसऱ्याच्या कंठाला पडला आहे. वेदना स्वतःची असली तरी ती बोट दाखवते ते बाहेर, दुसऱ्याच्या अडचणीकडे. ज्ञानेश्वरांच्या कंठाला पडलेला विळखा म्हणजे तीनशे वर्षांत त्यांच्या वाणीत घुसलेले अपपाठ, असा अर्थ लावण्याचा मोह होतो, आणि तो मोह आवरण्याचे काही कारण नाही. स्वप्न कोणाला तपासता येत नाही. त्यातून निघालेले काम मात्र तपासता आले: पोथ्या समोर होत्या, पाठ जुळतात की नाही हे कोणालाही पाहता येत होते. प्रवास, शोध, ताडणी, लेखन, सगळेच वेळखाऊ आणि किचकट. आतल्या हाकेला एकनाथांनी दिलेली ओ पाठशुद्धीच्या रूपाने आली, ही गोष्ट मराठी परंपरेला भूषणावह आहे.

आळंदीचीच दुसरी कथा जरा कडू आहे. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणाऱ्या वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या अंगाचा पुढे दाह होऊ लागला, असे संतचरित्रकार महिपतींनी लिहिले आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे एका फकिराच्या शापाचा तो परिणाम होता. रामेश्वरभट्टांनी आळंदीला अनुष्ठान मांडले, तर स्वप्नात उत्तर मिळाले की तुकारामांना शरण जा. ज्याला आपण पाखंडी ठरवले त्याच्याकडेच उपाय आहे, हे ऐकणे कोणत्याही पंडिताला जड जावे. रामेश्वरभट्टांनी ते ऐकले, तुकारामांचे शिष्यत्व पत्करले, आणि तुकारामांची प्रसिद्ध आरती त्यांच्याच नावावर आहे. आतल्या आवाजाची एक परीक्षा या कथेतून हाती येते. जो आवाज आपल्या अहंकाराला गोंजारतो, आपल्यावर कसा अन्याय झाला एवढेच घोळवतो, त्याच्याबद्दल शंका घ्यावी. जो आपली चूक दाखवून काही निस्तरायला लावतो, त्याचे निदान ऐकून तरी घ्यावे.

अर्थात शरीराच्या बाबतीत आतल्या आवाजावर किती विसंबावे याला वैद्यकाने मर्यादा घातली आहे. जुन्या मधुमेह्याला रक्तातली साखर उतरल्याची चाहूल घाम, थरथर, धडधड यांतून लागते. पण वर्षे गेली आणि साखर वारंवार उतरत राहिली की काहींच्या शरीराचा हा इशाराच बंद पडतो. माणसाला बरे वाटत असते आणि तो बेशुद्धीच्या काठावर उभा असतो. अशा वेळी ध्यानापेक्षा ग्लुकोमीटरची पट्टी खरे बोलते. ‘मन सांगतं, गोळ्या बंद कर’ हा कौल तर कधीच मानू नये. बुवा-बाबांचा धंदा याच कौलावर चालतो.

याउलट डायलिसिसच्या रुग्णाला डॉक्टरच ऐकायला शिकवतात. हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून फिश्चुला केला जातो, आणि आठवड्यातून बहुधा दोनदा-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, त्यातून रक्त यंत्रात जाते. फिश्चुलावर बोटे ठेवली की बारीक थरथर लागते. कान टेकला तर वाहत्या रक्ताची घरघर ऐकू येते. रुग्णाने रोज ही थरथर तपासायची असते. ती थांबली तर आत गुठळी झाल्याचा संशय धरून लगेच रुग्णालय गाठायचे असते. यात गूढ काहीच नाही. ठरल्या वेळी, न चुकता, भीती किंवा आशा यांची भेसळ न करता लक्ष देणे, आणि ऐकू आले त्याप्रमाणे कृती करणे, एवढेच आहे. निदिध्यासनाची याहून नेमकी शिकवणी मठातही मिळणे कठीण.

आत्मा किंवा देव आतून बोलतो, हे न मानणाऱ्यांसाठीही या परिसराने वाट दाखवली आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेव्हा त्यांना मधुमेहाने ग्रासले होते, पाय दुखत होते, दृष्टी अधू होत चालली होती. सामान्य माणसाला समजेल असा बौद्ध धम्मावरचा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असे त्यांनी देहूरोडला सांगितले. तोच ग्रंथ म्हणजे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. त्यात ईश्वर नाही, आत्मा नाही, ईश्वरी आदेशही नाही. चित्ताचे संस्कार, प्रज्ञा आणि करुणा यांवर भर आहे. आजारी उपासक नकुलपिता बुद्धाकडे आला तेव्हा त्याला मिळालेला उपदेशही याच अंगाचा होता: शरीर आजारी पडले तरी चित्त आजारी पडणार नाही असा अभ्यास कर. बुद्धाचा शिष्य सारिपुत्त याने त्याचा अर्थ उलगडला तो असा की, देहालाच ‘मी’ आणि ‘माझे’ मानणाऱ्याचे चित्त देहाबरोबर ढासळते. चाकणच्या कामगाराच्या बाबतीत देहाच्या जोडीला गेटपासही धरावा लागेल.

एकनाथांचा आणि आंबेडकरांचा मार्ग तत्त्वतः जुळत नाही आणि तो ओढूनताणून जुळवण्याची गरजही नाही. एकाने स्वप्नातील आज्ञा मानली, दुसऱ्याने कोणाचीच आज्ञा न मानता विवेकाने ठरवले. दोघांच्या हातून झालेल्या कामाची जात मात्र सारखी आहे. दोघांनीही लोकांना वाचता येईल असा ग्रंथ हाती दिला आणि तपासायला खुला ठेवला. आजारातून सापडलेले प्रयोजन खरे की मनाची समजूत, हे ठरवायला याहून चांगला निकष दिसत नाही: त्यातून दुसऱ्याच्या उपयोगी काही पडते का, आणि ते दुसऱ्याला पारखता येते का.

प्रत्येकाने ग्रंथच लिहावा असा याचा अर्थ नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माने ईश्वराची पूजा करण्याचे सूत्र आहे, आणि ज्ञानेश्वरांनी ते कर्माच्या आकारावर नव्हे, तर भावावर तोलले आहे. शरीराची ताकद बदलली की स्वकर्मही बदलते. जो तीन पाळ्यांत यंत्र चालवत होता तो नव्या पोरांना त्याच यंत्राचा आवाज ओळखायला शिकवू शकतो. ज्याला विम्याचे कागद भरताना चार खेपा पडल्या तो दुसऱ्याच्या खेपा वाचवू शकतो. घरच्या आजारी बाईच्या वाट्याला बहुधा हीसुद्धा निवड येत नाही, कारण तिला हलके काम द्यावे अशी चिठ्ठी स्वयंपाकघरात कोणी वाचत नाही. तिला आतले ऐकण्यासाठी आधी अर्धा तास मोकळा हवा, आणि तो देणे हे घरातल्यांचे काम आहे. काही दिवस असेही येतात की ताप, मळमळ किंवा वेदना इतकी असते की आतून दुसरे काही ऐकूच येत नाही. त्या दिवशी औषध वेळेवर घेणे आणि झोपणे हेच स्वकर्म, आणि ते पुरेसे आहे.