कामावर पोहोचलेल्या सायकलस्वाराचे कर्तव्य

सायकलने कामावर पोहोचलेल्या माणसाने कामाला बसण्याआधी हातपाय ताणून घ्यावेत का, या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न मिसळले आहेत. त्याचा फायदा होतो का, हा एक. फायदा असो वा नसो, माणूस स्वतःच्या शरीराचे काही देणे लागतो का, हा दुसरा. नवी मुंबईत नेरूळ किंवा कोपरखैरण्याहून महापे, तुर्भे, रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात रोज सायकल मारणाऱ्यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न वेगळे करून पाहावे लागतात. त्यासाठी वैदिक कर्मांचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनाने केलेली काम्य, नैमित्तिक आणि नित्य ही कर्मांची विभागणी आजही कामाला येते.

काम्य कर्म फळासाठी केले जाते. फळ मिळत नसेल तर ते करण्याचे कारणच उरत नाही. अंग ताणल्याने दुसऱ्या दिवशीची स्नायूदुखी टळते, हे सर्वात जास्त सांगितले जाणारे फळ. या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने 2011 मध्ये जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात शंभर गुणांच्या मापावर सरासरी सुमारे एका गुणाइतकाच फरक दिसला. तो कुणाला जाणवणारही नाही. शिवाय अशी दुखणी मुख्यतः भाराखाली स्नायू लांबत असताना येतात. गड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या याच कारणाने. पेडल मारताना स्नायू बहुतांशी आखडत काम करतो, त्यामुळे सपाट रस्त्यावरच्या सायकलीने ती दुखणी कमीच येतात. लॅक्टिक आम्ल साचून राहते ही समजूतही टिकत नाही. रक्तात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप पूर्ववत होते. नियमित सरावाने काही आठवड्यांत लवचिकता मात्र वाढते. पण तेवढ्यासाठी कचेरीच्या दाराशीच ताणले पाहिजे असे नाही, रात्री घरीही चालेल. तेव्हा भीती घालून हा नियम लादणे चूक आहे.

नैमित्तिक कर्म प्रसंग आला की करायचे. सायकलवर खुबा वाकलेला, पाठ पुढे झुकलेली आणि मान वर ताणलेली असते. ठाणे-बेलापूर रस्त्याने तसे येऊन माणूस लगेच संगणकासमोर बसला, तर खुबा पुन्हा तासन् तास वाकलेलाच राहतो. कंबर किंवा मांडीचा पुढचा भाग धरल्यासारखा वाटत असेल, तर उभे राहून अर्धा मिनिट तो भाग हळूच ताणणे योग्यच. याउलट दिवसभर यंत्रापाशी उभे राहणाऱ्या कामगाराला आधी थोडा वेळ बसणेच बरे वाटेल. निमित्त शरीरात हवे; दुसऱ्याने सांगितलेल्या वेळापत्रकात ते सापडत नाही.

नित्य कर्म फळाची किंवा प्रसंगाची वाट न पाहता रोज करायचे असते, आणि खरा गाभा त्यातच आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा आणि नंतर सगळे अंग सुखावह वाटेल असे चोळावे, असे सांगितले आहे. हा उपदेश दिनचर्येच्या अध्यायात आहे. तो रोगावरचा उपाय म्हणून आलेला नाही, रोजच्या जगण्याचा भाग म्हणून आला आहे. पतंजलीही आसन स्थिर आणि सुखकर असावे म्हणतो, आणि प्रयत्न सैल केल्याने ते साधते असे सांगतो. दोघांनाही सैलावण श्रमाइतकीच मोलाची वाटते.

देह नश्वर, मग त्याचे एवढे लाड कशाला, हा आक्षेप मराठी मनाला परका नाही. पण देहाची नश्वरता सांगणाऱ्या वारकरी परंपरेतच, पंढरीच्या वाटेवर थकलेल्या वारकऱ्यांचे पाय चेपणे ही सेवा मानली जाते. दुसऱ्याच्या पायांना जे द्यायचे, ते स्वतःच्या पायांना नाकारण्यात वैराग्य नाही. शरीराला पीडा देणाऱ्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायानेही आसुरीच ठरवले आहे.

मीमांसकांचा आणखी एक बारकावा येथे फार मोलाचा आहे. काम्य कर्मात विधीची सगळी अंगे पुरी व्हावी लागतात. नित्य कर्म यथाशक्ति केले तरी चालते. म्हणून चटई नाही, कपडे बदललेले नाहीत, हजेरीला पाचच मिनिटे उरली आहेत, तरी सायकल लावून दोन मिनिटे पोटऱ्या आणि खांदे सैल करणे अपुरे ठरत नाही. ते कसे करावे, याचे उत्तर विनोबांच्या विचारात सापडते. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या, साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीता-प्रवचनांत विनोबांनी बाहेरच्या कर्माला मनाची जोड मिळणे याला विकर्म म्हटले. मोबाइलवर संदेश वाचत ओढलेला पाय आणि श्वास शांत होईपर्यंत लक्ष देऊन ताणलेला पाय यांत तोच फरक आहे.

मीमांसेच्याच भाषेत कर्तव्याला अधिकार, म्हणजे पात्रता, लागते आणि अधिकाराला सामर्थ्य. नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, तेव्हा घरे आणि रोजगार जवळ आणणारे शहर उभारण्याचा हेतू होता. सायकलने कामावर जाणे त्या आराखड्यात सहज बसते. पण पहारेकरी, हेल्पर, कंत्राटी कामगार यांना पावसाळ्यात चिंब भिजून आल्यावर अंग पुसायलाही आडोसा मिळत नसेल, तर त्यांनी शरीराची काळजी घेतली नाही असा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. तेथे कर्तव्य कामावर ठेवणाऱ्याकडे जाते. सायकलीसाठी छप्पर, हातपाय धुवायला नळ, उभे राहण्यापुरती कोरडी जमीन, आणि त्या दोन मिनिटांसाठी उशिराचा शेरा न मारणे, एवढे त्याने करायचे आहे.