दुःखाला उत्तर नसते तेव्हा

दिवाळी अंकात दुःखावर लेख कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु दिवाळीतही ज्या घरावर आकाशकंदील लागत नाही अशी एक-दोन घरे प्रत्येक गल्लीत असतात, आणि त्या घरांतही हा अंक जातो. शिवाय आमच्या सीमाभागात ख्रिस्ती माणसाला त्याचे हिंदू, जैन, लिंगायत, मुसलमान शेजारी एक प्रश्न कधी ना कधी विचारतातच. शिक्षकांच्या खोलीत मलाही तो अनेकदा विचारला गेला आहे. "सर, तुमचा देव प्रेमळ म्हणता. मग दर रविवारी न चुकता देवळात जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे का यावे?" विचारणाऱ्याच्या मनात वाद घालण्याचा हेतू नसतो. बहुतेक वेळा त्याच्याही घरात काहीतरी घडलेले असते. म्हणून या प्रश्नाला खंडनमंडनाच्या सुरात उत्तर देणे मला बरे वाटत नाही. मी धर्मोपदेशक नाही. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेला आणि तीस वर्षे शाळेत काढलेला एक सामान्य ख्रिस्ती मराठी माणूस आहे. त्या नात्याने जे सुचते ते मांडतो.

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत सोपे उत्तर म्हणजे 'करावे तसे भरावे'. हिंदू घरात त्याला पूर्वसंचित म्हणतात, ख्रिस्ती घरात पाप म्हणतात. शास्त्रकारांच्या पातळीवर या दोन कल्पनांत पुष्कळ अंतर आहे, पण समाचाराला आलेल्या माणसाच्या तोंडी त्या एकाच हिशेबाला येऊन बसतात. बायबलमध्ये ईयोबाचे एक पुस्तक आहे, ते सारे या हिशेबाविरुद्ध लिहिलेले आहे. ईयोब सज्जन माणूस. एकाच दिवशी त्याची गुरेढोरे गेली, दहाही मुले गेली, पुढे सर्वांगाला फोड आले. त्याचे तीन मित्र आले. आपण काही पाप केले नाही असे ईयोब सांगत राहिला आणि तू काहीतरी केलेच असशील असे मित्र सांगत राहिले. शेवटी देव बोलतो. तो मित्रांवर रागावतो आणि देवाशी भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणेच योग्य होते असा निवाडा देतो. विशेष म्हणजे हे दुःख का आले, याचे कारण देव ईयोबाला शेवटपर्यंत सांगत नाही.

येशूपुढेही हाच प्रश्न आला होता. एक जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी विचारले की हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापाने, त्याच्या स्वतःच्या की आईबापांच्या? येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि तो त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय असे त्याने लोकांनाच विचारले आणि नाही म्हणून सांगितले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसे झोपेत गाडली गेली. त्यानंतर कोणाचे पाप भोवले याची चर्चा करणारी माणसे मी ऐकली आहेत, त्यांत ख्रिस्तीही होते. त्यांनी आपले शुभवर्तमान नीट वाचलेले नव्हते एवढेच म्हणता येईल.

दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा सौम्य आहे आणि ख्रिस्ती मंडळीत ते अधिक चालते. देव परीक्षा पाहतो आहे, असे ते उत्तर. मुख्याध्यापक असल्यामुळे या शब्दाशी माझा रोजचा संबंध आहे, आणि त्यामुळेच तो मला इथे खटकतो. आम्ही परीक्षा घेतो ती विद्यार्थ्याला किती येते हे आम्हांला ठाऊक नसते म्हणून. सर्वज्ञ देवाला ती अडचण नाही. दुसरे असे की एका विद्यार्थ्याची परीक्षा घेण्यासाठी दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न करणाऱ्या शिक्षकाला कोणीही शाळेत ठेवणार नाही. आईची श्रद्धा तपासण्यासाठी तिचे लेकरू नेले, असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा ते लेकरू केवळ एक प्रश्नपत्रिका होऊन बसते. देवाचे समर्थन करण्याच्या भरात आपण देवाला कोणत्याही सभ्य माणसापेक्षा कठोर करून ठेवतो.

परीक्षा हा शब्द बायबलात आहे, हे मला मान्य आहे. याकोबाच्या पत्राच्या आरंभीच तो येतो. पण त्याच अध्यायात याकोब हेही बजावतो की देव कोणाला मोहात घालीत नाही. मूळ ग्रीक शब्दात परीक्षा आणि मोह असे दोन्ही अर्थ आहेत. याकोबाचा भर संकट कोणी पाठवले यावर नाही, संकटात माणसाच्या आत काय तयार होते यावर आहे. जे तयार होते त्याला मराठी बायबलात 'धीर' म्हटले आहे. आमच्याकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांत सासू मराठी बायबल वाचते आणि सून कन्नड. सुनेच्या पुस्तकात त्याच जागी 'ताळ्मे' आहे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या वाचकांना यातली गोडी सांगायला नको. कन्नडमध्ये 'ताळु' म्हणजे सोस, आणि 'स्वल्प ताळु' म्हणजे जरा थांब. मराठी धीरात छातीचे बळ आहे, कन्नड ताळ्मेत वाट पाहणे आहे. मूळ ग्रीक शब्द 'हुपोमोने' याचा धात्वर्थ आहे ओझ्याखाली टिकून राहणे, ते टाकून न पळणे. सासूसुनेची पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे मूळ शब्दाचा अर्थ बराचसा पुरा होतो.

परंतु टिकून राहणे म्हणजे गप्प राहणे काय? श्रद्धावान माणसाने रडू नये, तक्रार करू नये, हसतमुख असावे, अशी एक समजूत ख्रिस्ती समाजात आहे आणि ती फार जाच करते. तिला शास्त्राचा आधार नाही. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आहे. देवा, तू झोपलास काय, किती दिवस तोंड लपवणार, अशा आशयाची गाऱ्हाणी त्यात आहेत. ती प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत, याचा अर्थ गाऱ्हाणे हीच एक प्रार्थना आहे. तुकोबांचे अभंग ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे परके वाटू नये. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले तुकोबा विठ्ठलाशी भांडले, पण भांडले विठ्ठलाशीच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे नारायण वामन टिळक सांगत, त्यातले एक मर्म मला हे वाटते. येशूनेही गेथशेमाने बागेत हा प्याला टळावा म्हणून विनवले, आणि क्रूसावर त्याच्या तोंडी आला तो बाविसाव्या स्तोत्रातील टाकून दिल्याचा आक्रोश. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागणे केले. काटा निघाला नाही, कृपा पुरेल एवढेच आश्वासन मिळाले. ज्यांच्या प्रार्थना अशा रीतीने अपुऱ्या राहिल्या त्यांना कोणी अल्पश्रद्ध म्हणत नाही. मग तुमच्याआमच्या शेजारच्या बाईला का म्हणावे?

हे मी थोडे तीव्रतेने लिहितो, त्याला कारण आहे. माझी पत्नी कर्करोगाने गेली त्याला आता सात वर्षे झाली. सुमारे दोन वर्षे आम्ही मिरजेला खेपा घालीत होतो. तिच्या आजारात भेटायला येणाऱ्यांत आमच्याच मंडळीतले एक गृहस्थ होते. तिच्या उशाशी बसून त्यांनी सांगितले की घरात कुठेतरी विश्वास कमी पडतो आहे, म्हणून गुण येत नाही. ती काही बोलली नाही. ते गेल्यावर तिने मला विचारले, "खरंच माझा कमी पडतोय का हो?" रोगाने जे दुःख दिले होते त्यात या एका वाक्याने भर घातली. त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या लिंगायत आजी आल्या. त्यांना मराठी जेमतेम येते. त्यांनी डब्यातून मऊ भात आणि ताक आणले होते. पलंगाशी बसून त्या तासभर तिचे पाय चेपत राहिल्या, उठताना "बरतेनव्वा" म्हणाल्या, म्हणजे येते गं बाई, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच पुन्हा आल्या. ईयोबाचे मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले काम तेच. तोंड उघडल्यावर ते बिघडले.

सी. एस. लुईस या ब्रिटिश ख्रिस्ती विचारवंताने १९४० साली दुःखाच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. युक्तिवादाने ते भक्कम आहे, आम्हांला अभ्यासाला ते उपयोगी पडले. १९६० साली त्याची पत्नी कर्करोगाने वारली. तेव्हा त्याने जी टिपणे लिहिली ती पुढच्या वर्षी टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तीत युक्तिवाद जवळजवळ नाही, संताप आहे, शंका आहे, आणि हळूहळू परत येणारा देव आहे. पहिले पुस्तक खोटे होते असे नाही. पण दुःखावर विचार करणे वेगळे आणि दुःखात विचार करणे वेगळे, एवढे ती दोन पुस्तके शेजारी ठेवली की कळते. पत्नी गेल्यानंतर वर्षभर मी पहिले पुस्तक उघडू शकलो नाही. दुसरे दोनदा वाचले.

आता एक आक्षेप राहतो, आणि तो गंभीर आहे. सोसण्याचे हे माहात्म्य गरिबांना, दलितांना, स्त्रियांना जागच्या जागी बसवण्यासाठी वापरले गेले नाही काय? वापरले गेले आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'तुझा क्रूस तू वाहा' म्हणून परत पाठवणारी माणसे चर्चमध्येही असतात. परंतु आपल्याच भाषेतील ख्रिस्ती परंपरा याविरुद्ध साक्ष देते. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील ही आरंभीची कादंबरी विधवांच्या हालअपेष्टांवर आहे. त्या हालअपेष्टा देवाची इच्छा म्हणून सोसाव्यात असे सांगण्यासाठी ती लिहिलेली नाही, त्या थांबाव्यात म्हणून लिहिलेली आहे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य तर या प्रश्नावरचे भाष्यच आहे. जन्म १८५८ चा. कोवळ्या वयात दुष्काळ आणि उपासमार यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले, आणि दोन वर्षे पुरी होण्याआधी, १८८२ च्या फेब्रुवारीत, पती पटकीने वारले. पदरात मूल. वैद्यक शिकायला विलायतेला गेल्या तर बहिरेपण आड आले. एवढे सोसलेल्या बाईने दुःख देवाने दिले म्हणून हात जोडून बसायला हरकत नव्हती. पण १८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. उपाशी माणसाचा चेहरा कसा असतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. जुन्या दुःखाने त्यांना दुसऱ्याचे दुःख ओळखायला शिकवले. म्हणून ते दुःख चांगले होते असे मी म्हणणार नाही, त्यांच्या आईचे उपासमारीने मरणे कोणत्याही हिशेबात चांगले ठरत नाही. पण ते वाया गेले नाही. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. त्यानंतर जेमतेम नऊ महिने रमाबाई होत्या. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे हाती घेतलेले काम त्यांनी त्याही दिवसांत सोडले नाही. ताळ्मे म्हणतात ती ही.

तेव्हा मला सापडलेला नियम असा आहे. धीर हा स्वतःच्या दुःखासाठी असतो. दुसऱ्याच्या दुःखासाठी हातपाय असतात. मला आलेल्या संकटात देवाचा हात शोधण्याचा अधिकार मला आहे, पण शेजाऱ्याच्या संकटात तो मी त्याला दाखवू नये. त्याला तो दिसला तर तोच सांगेल. जे दुःख औषधाने, पैशाने, कायद्याने, चार शब्द कोणाला सुनावण्याने दूर होईल ते दूर करणे हीच तिथे श्रद्धा. आणि जे कशानेच दूर होत नाही, तिथे येऊन बसणे.

ख्रिस्ती श्रद्धा दुःखाचे कारण सांगते असे मला वाटत नाही. दुःखात देव कुठे असतो एवढेच ती सांगते. क्रूसाचा अर्थ मी एवढाच समजतो की देव वर बसून गुण देत नाही, तो खाली येऊन सोसणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. पुनरुत्थानानंतर थोमाला जो येशू दिसला त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. विजय झाला, पण व्रण पुसले गेले नाहीत. ईयोबाला शेवटी गुरेढोरे दुपटीने मिळाली, मुले मात्र पुन्हा दहाच झाली. गुरांची भरपाई होते, मुलांची होत नाही, हे त्या जुन्या ग्रंथकाराला चांगले ठाऊक असावे.

पत्नीच्या त्या प्रश्नाला तेव्हा मी दिलेले उत्तर आजही बदलावेसे वाटत नाही. मी म्हणालो होतो, "कमी पडत असेल तर माझ्यातला घे." ती हसली. आजार बरा झाला नाही. पण त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली, आणि बरे होण्याबद्दल तीत एक शब्दही नव्हता.